बँडला छप्पर की आभाळ

कर्वेनगर, १२ सप्टेंबर २०२५

दिगंबरदादा,

नमस्कार. वाकून केलाय असं धरून चाल, गुडघ्यांची परवानगी मिळाली की प्रत्यक्ष करीन.

तुला फोन केला की आमची आख्खी सोसायटी माझं बोलणं ऐकते, एक तू सोडून. म्हणून पत्र. मावसबहिणीनं कर्वेनगरातून विश्रांतवाडीला, म्हणजे एकाच गावात, टपालानं पत्र पाठवावं याची पोस्टातल्या मुलीला फार गंमत वाटते. वाटू दे.

काम असं आहे. आमच्या सोसायटीच्या मंडळाची दिवाळी पहाट तुला ठाऊक आहे. नरकचतुर्दशीला पहाटे गाणं, रेशमी साड्या, अत्तर, आणि नंतर फराळ, ज्यासाठी निम्मे लोक येतात. यंदा ठरलेल्या गायिकेनं ऐनवेळी दुबईचा कार्यक्रम घेतला. दुसरं कोणी मोकळं नाही. चिटणीस मी, म्हणजे बोलणी मलाच. मग सभेत मी सरळ तुझ्या बँडचं नाव घेतलं.  आमचे अध्यक्ष बाळ देवस्थळी यांनी विचारलं, वासंतीताई, वरात कोणाची आहे? असं काहीतरी बोलल्याशिवाय त्यांना चहा पचत नाही. पण दुसरा इलाज नव्हता, ठराव झाला. अट एकच, सभागृहात नाही, शाळेच्या मैदानावर वाजवायचं. पितळी वाद्यं आणि मोकळी हवा, मलाही तेच बरं वाटतं.

तू देसकारातली धून बँडसाठी बांधली आहेस असं वहिनी सांगत होती. तीच वाजव. सकाळचा राग आहे, वेळही सकाळची. होकार कळव, म्हणजे मांडववाल्याला सांगायला मी मोकळी.

वासंती


विश्रांतवाडी, १७ सप्टेंबर

वासंती,

पत्र पोचलं. आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहीत बसत नाही.

मैदान नको. सभागृह असेल तर येतो, नाहीतर राहू दे.

रागावू नकोस, कारण सांगतो. माझ्या बँडमध्ये निम्मे माझ्यासारखे पलटणीतून निवृत्त झालेले आणि निम्मे विदर्भातून इकडच्या कारखान्यांत आलेले. सोनबा अमरावतीकडचा, भोसरीत कामाला. अंगाभोवती गुंडाळून खांद्यावर घ्यायचा तो मोठा पितळी बेस तो वाजवतो. आम्ही सगळ्यांनी जन्मभर चालत वाजवलं. मी परेडमध्ये, ते वरातीत आणि मिरवणुकीत. आमच्यापुढं लोक नाचले, घोडे गेले, नवरदेव गेले. पण खुर्चीवर बसून आमचं कुणी ऐकलेलं नाही. सभागृहात लोक ऐकायला बसतात. एकदा तसं व्हावं असं पोरांना वाटतं. पोरं म्हणजे पन्नाशीची, पण मी पोरंच म्हणतो.

हे झालं त्यांचं. आता माझं सांगतो, ते तुझ्यापाशीच ठेव. डावा कान गेला. उजवा यंत्रावर चाललाय, टोपीखाली ते दिसत नाही, डॉक्टर म्हणतात फार दिवस धरून चालू नका. उघड्यावर मला आता फक्त ढोल कळतो, तोही पोटात. बाकीचं सगळं वाऱ्यावर निघून जातं, माझ्यापर्यंत येत नाही. तालमीला मी हात हलवतो आणि अंदाजानं निभावतो. त्यांना अजून कळलेलं नाही. चार भिंतींत मात्र आवाज परत येतो, थोडा तरी कानात पडतो.

ती देसकारची धून मी कागदावर बांधली खरी, पण वासंती, सगळ्या वाद्यांवर ती मी अजून पूर्ण ऐकलेलीच नाही. कान आहेत तोवर एकदा ऐकायची आहे. माझं मागणं एवढंच.

दादा


कर्वेनगर, २२ सप्टेंबर

दादा,

जेवता जेवता पत्र वाचलं आणि ताटावरून उठले. हे तू मला आत्ता सांगतोस? असो. तुझ्यावर नंतर चिडेन, सवडीनं.

त्याच पावली देवस्थळींकडे गेले. कानाचं बोलले नाही. उघड्यावर वाऱ्यानं वाजवणाऱ्यांचे ओठ सुकतात, असं काहीतरी सांगितलं. खोटं बोलायचा मला सराव नव्हता, पण चिटणीसपदावर तो आपोआप होतो. अर्धा तास वाद घातल्यावर त्यांनी एवढं कबूल केलं की रविवारी सकाळी सभागृहात तालीम करून दाखवा, कार्यकारिणी ऐकेल आणि मग ठरवेल.

रंगमंचाच्या फळ्या नव्या आहेत, तेव्हा सगळ्यांना बूट-चपला बाहेर काढायला सांग. आणि तू पुढं उभा राहा, पाठीमागं नाही.

वासंती


विश्रांतवाडी, २९ सप्टेंबर

वासंती,

काल ऐकलं. घरी आल्यापासून मी तुझ्या वहिनीला तेच तेच सांगतोय, ती आता स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही.

आधी खुर्च्यांवर बसल्यावर पायांचं काय करायचं तेच कुणाला कळेना. चालत वाजवणारी माणसं ती. दुसऱ्या ओळीपासून सगळ्यांचे पाय आपोआप डावा-उजवा पडायला लागले आणि अनवाणी असूनही फळ्या घुमायला लागल्या. तू पाहिलंसच. पण तेवढ्यात मागच्या भिंतीवरून आमच्या बँडमधल्या आनंदचं कॉर्नेट, म्हणजे ते आखूड ट्रंपेट, परत आलं. मला वाटलं मागं आणखी कुणी वाजवतंय, मी वळूनसुद्धा पाहिलं. मग खालून बेस आला. इतका मोठा, इतका गोड. मी कागदावर काढलेले ते काळे ठिपके, वासंती, आणि त्यांचं हे असं झालेलं. 

आणि मधेच सोनबा थांबला. मला वाटलं दम लागला. जवळ गेलो तर डोळ्यांत पाणी. बाकीचे वाजवतच होते म्हणून कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, इतके वर्सं हे मीच वाजवून रायलो होतो का?" रस्त्यावर त्याच्या पुढं ढोल आणि मागं जनरेटर. स्वतःचा बेस त्यानं कधी ऐकलाच नव्हता. त्यानंतर कुणाचाच सूर लागेना, सगळेच आपापलं ऐकायला लागले. त्यामुळं धून शेवटपर्यंत गेलीच नाही.

आणखी एक खोड निघाली. मिरवणुकीत आमचं कुठलंही गाणं संपत नाही. एकातून दुसऱ्यात जायचं, मंडळाचा माणूस बस म्हणेपर्यंत. त्यामुळं शांतता झाली की यांना भीती वाटते आणि ड्रमवाला लगेच काहीतरी बडवतो. आता त्यांना संपवायला शिकवतोय. शेवटचा सूर, वाद्य खाली, स्वस्थ उभं राहायचं.

तुमच्या देवस्थळींबद्दल मात्र माझा गैरसमज होता. माणूस दर्दी आहे. डोळे मिटून, दोन्ही हात कानांशी नेऊन जुन्या गवयांसारखे बसले होते. सभागृह नक्की झालं असं धरतो. त्या दिवशी धून पूर्ण ऐकायला मिळणार.

दादा


कर्वेनगर, ३ ऑक्टोबर

दादा,

काल दसरा झाला. सोन्याऐवजी हे पत्र देते आहे आणि त्यात सोनं नाही, आधीच सांगते.

देवस्थळींचे डोळे मिटलेले होते हे खरं. हात मात्र त्यांनी कानांवर गच्च दाबून धरले होते. चौथ्या मजल्यावरच्या यमुनाबाई मधेच उठून गेल्या, त्यांच्या छातीत धडधडायला लागलं. सभागृहाचा व्यवस्थापक तुमचे पाय बघून फळ्यांखाली वाकून पाहून आला. मला स्वतःला काय झालं तेही सांगते. पहिल्या सुराला अंगावर काटा आला. पण त्या सभागृहाचं छत ठेंगणं आहे, आवाजाला जायला जागाच नाही. थोड्या वेळानं मला वाटलं, कोणीतरी माझ्या डोक्यात कपाटं सरकवतंय. वाजवणं तुमचं सुंदर होतं, जागा चुकली.

कार्यकारिणीत सगळे विरुद्ध गेले. बाजूनं मी एकटी. मैदान कबूल असेल तर तुमचा बँड, नाहीतर गायनवर्गाच्या मुली. मी पुष्कळ भांडले. तू म्हणालास तर कानाचं सांगते. ते ऐकून कदाचित विरघळतील.

मला फार वाईट वाटतंय, दादा.

वासंती


विश्रांतवाडी, ७ ऑक्टोबर

वासंती,

कानाचं सांगू नकोस. दया करून ऐकायला बसलेली माणसं मला नकोत.

मैदान घे. पोरांचं मन मी मोडत नाही, त्यांनी गणवेश धुऊन इस्त्री करून ठेवलेत. आनंद पुढं उभा राहील. मी येणार नाही. तालमीआधी एक वेळ आलोही असतो, तेव्हा काय गमावतोय ते माहीत नव्हतं. आता तिथं उभं राहून नुसते लोकांचे हात आणि पितळेवरचं ऊन बघायचं, हे माझ्यानं होणार नाही.

तू केलंस ते पुष्कळ केलंस.

दादा


कर्वेनगर, ११ ऑक्टोबर

दादा,

हे पत्र शेवटपर्यंत वाच, मग काय ते ठरव.

परवा दुपारी भंगारवाला आला. रोज येतो. पण परवा मी तुझ्या पत्रामुळं नुसतीच गॅलरीत बसून होते, आणि माझ्या लक्षात आलं की तो एकदा ओरडतो आणि मला दोनदा ऐकू येतं. आमच्या तिन्ही इमारती एकमेकींकडं तोंड करून उभ्या आहेत, मधे गाड्या लावायचं अंगण, चौथी बाजू रस्त्याकडं उघडी. इतकी वर्षं इथं राहते, पण हे कधी ध्यानात आलं नाही.

मी उठले, आईची पितळी परात आणि लाटणं घेतलं आणि खाली गेले. गाड्यांच्या मधून मधून हिंडत जागोजाग परात वाजवून पाहिली. वॉचमननं एकदा विचारलं आणि मग विचारायचं सोडून दिलं. अ आणि ब इमारत जिथं जुळतात तिथं पंपाची खोली आहे, त्या कोपऱ्यात उभी राहिले तर परातीचा आवाज तिन्ही बाजूंनी येऊन माझ्याभोवती उभा राहिला. आणि डोक्यात कपाटं सरकली नाहीत. उरलेला सगळा वर निघून जात होता.

देवस्थळी गॅलरीत आले. थाळ्या वाजवायचे दिवस कधीच संपले, म्हणाले. मी त्यांना सांगितलं, काही बोलू नका, दोन मिनिटं तिथंच उभे राहून ऐका. ऐकलं. मग स्वतःच म्हणाले, बैठक बोलवा. असं मी प्रथमच पाहिलं.

बैठक झाली. लोकांनी आपापल्या गॅलरीत उभं राहून ऐकायचं. खुर्च्या नकोत, मांडव नको, आणि कंटाळा आला तर दार लावून आत जाता येईल. ही शेवटची सोय देवस्थळींना फार पसंत पडली. त्या पहाटेपुरत्या सगळ्यांनी गाड्या बाहेर लावायचं कबूल केलंय. पुण्यात माणसं आपली पार्किंगची जागा सोडतात म्हणजे काय, ते तुला मी सांगायला नको.

तालीम मिळणार नाही, गाड्या एकदाच हलतील. त्यामुळं हमी देत नाही. परात म्हणजे बँड नव्हे. तू ये, पंपाच्या खोलीला पाठ लावून उभा राहा, बँडला तुझ्याकडं तोंड करायला लाव. ऐकू आलं तर आलं. नाही आलं तर निदान मी हात-पाय हलवले नाहीत असं व्हायला नको.

वासंती


कर्वेनगर, २० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी

दादा,

आज सकाळचा फराळ तसाच पडलाय आणि मी लिहायला बसलेय. तू चहालासुद्धा थांबला नाहीस. धून संपली, तू सलाम ठोकलास आणि फाटकातून निघालास, मागोमाग तुझी माणसं. मी जिना उतरून खाली येईपर्यंत अंगण रिकामं. तू का गेलास ते मला माहीत आहे. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत म्हणून. तुला काय वाटलं असेल या विचारानं मला बसवत नाहीये. म्हणून तू पाठमोरा निघालास तेव्हा वर काय होतं ते सांगते.

तुम्ही उभे राहिलात तेव्हा अजून नीट उजाडलं नव्हतं. प्रत्येक गॅलरीत आकाशकंदील. निम्म्या लोकांचे केस ओले, निम्म्यांच्या अंगाला अजून तेल. खरं सांगते, लोक गंमत बघायला आले होते. दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी शिट्टी मारली, विसर्जनातलं काहीतरी वाजवा म्हणून ओरडलं.

मग तो बेस सुरू झाला. एकटाच, खालच्या सुरात. माझ्या हाताखालचा गॅलरीचा कठडा थरथरला. मी आधी हात काढला आणि मग परत ठेवला, त्यातूनही ऐकता येत होतं. मग कॉर्नेटं आली आणि तो सूर एकेक मजला चढत वर आला, अगदी दिसावा तसा.  दादा, मी आयुष्यभर गाणं ऐकत आले, पण असं काही आपल्या गाड्या लावायच्या जागेतून उगवेल हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

शिट्टी मारणारा मुलगा तोंड उघडं ठेवून उभा होता. देवस्थळींच्या एका गालाला उटणं होतं, दुसऱ्याला नव्हतं, आणि ते तसेच शेवटपर्यंत उभे राहिले. त्यांचे हात खाली होते. दूधवाल्यानं रस्त्यावर गाडी बंद केली आणि हेल्मेट काढलं. सभागृहातून उठून गेलेल्या यमुनाबाईंनी हात जोडले होते. कुणाला, ते त्यांनाही सांगता येईना, मी नंतर विचारलं. दार लावून आत कुणीही गेलं नाही.

आणि शेवट. तुम्ही सगळ्यांनी वाद्यं खाली घेतली, तरी तो शेवटचा सूर वर होताच. भिंतींनी तो धरून ठेवला होता. आम्ही सगळे मान वर करून बघत राहिलो, जसा काही तो दिसणार होता. त्यात टाळी कोण वाजवणार? मी हात उचलायला गेले आणि उचलवेना. आपण काहीतरी मोडू असं वाटलं. कुणीतरी हललं तेव्हा तुम्ही फाटकाबाहेर होता.

आता इथं सगळे मला विचारतायत की साहेब रागावले का. देवस्थळींनी तर दोनदा विचारलं. भाऊबीजेला येशील ना? आणि तुला ऐकू आलं का, हे विचारायचा मला धीर होत नाही.

वासंती


विश्रांतवाडी, २२ ऑक्टोबर, पाडवा

वासंती,

टपाल वेळेवर पोचणार नाही, म्हणून हे आनंदच्या हाती पाठवतोय.

टाळ्यांचं तू लिहिलंस तेव्हा मला कळलं. वाजल्या की नाही, माझं लक्षच नव्हतं.

ऐकू आलं. सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तू सांगितलंस तसा भिंतीला पाठ लावून उभा होतो. पहिले चार सूर फक्त पाठीला कळले, मनात म्हटलं, झालं, इथंही तेच. मग ते समोरच्या इमारतीवरून आले, आणि उजवीकडून आले, आणि वरून. प्रत्येक वाद्य वेगळं कळत होतं. आनंदचा श्वास घेतलेलासुद्धा मला ऐकू आला असं मी म्हणतो, वहिनी म्हणते शक्य नाही. तिसऱ्या ओळीत दुसऱ्या कॉर्नेटला मी चुकीचा सूर लिहून ठेवलाय. इतके दिवस तो बिचारा तसाच वाजवतोय आणि मला पत्ता नाही. फार वाईट वाटला कानाला, आणि तेवढाच आनंद झाला. काल तो दुरुस्त केला.

शेवटचा सूर वर राहिला तो मीही पाहत होतो. पलटणीत असताना मी हिमालय पाहिलाय, सकाळी पहिलं ऊन पडताना. तेव्हा असंच गप्प व्हायला झालं होतं. तो सूर मी लिहिला होता, पण तिथं वर जे होतं ते माझं नव्हतं. कुणाचं होतं, मला सांगता येणार नाही.

परतताना टेम्पोत पोरांना कानाचं सांगितलं. म्हटलं, आता लपवून काय करायचं.  मग सोनबा जवळ सरकला आणि म्हणाला, "साहेब, आमाले दोन वर्सांपासून मायीत हाय. म्हनून तर आमी गाल जास्त फुगवतो, तुमाले दिसाव म्हनून." मी खिडकीबाहेर बघत बसलो. येरवड्यापर्यंत कुणी माझ्याकडं पाहिलं नाही, तेवढी समज आहे त्यांना.

मी रागानं गेलो नाही, वासंती. थांबलो असतो तर तू बोलली असतीस, देवस्थळी तर नक्कीच बोलले असते. त्या सुरावर मला दुसरा कुठलाच आवाज नको होता. फाटकाबाहेर पडल्या पडल्या मी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं, टेम्पोत सोनबापुरतं घातलं आणि लगेच परत काढलं. अजून घातलेलं नाही. वहिनीशी खुणांनी चाललंय, तिला ते आवडायला लागलंय.

उद्या भाऊबीजेला येतो. तू फक्त ओवाळ, बोलू नकोस. अजून ते कानात आहे.

दादा